तीन नंबरचा ठिपका

मिस्त्री कुणालाच त्याच दिवशी उत्तर देत नसे. गिऱ्हाइकाने इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा लोखंडी ठोकळा, आणून टेबलावर ठेवला, की हा आधी चहा प्यायचा. मग ब्लॉक साखळीला टांगायचा, लहान हातोडीने टकटक करायचा आणि डोळे मिटून कान द्यायचा. मग ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीत रॉकेल भरायचा, सिलिंडरच्या भिंतींना आतून खडू फासायचा आणि म्हणायचा, "उद्या या." भिंतीला बारीक चीर असली की रॉकेल झिरपून खडूवर डाग येतो. गिऱ्हाईक ओरडलंच तर म्हणायचा, "मी ज्योतिषी हाय का, तोंड बघून सांगायला?"

नवघरला आमच्या घरामागच्या रस्त्यावर त्याचा गाळा होता. बोअर मारायचं, म्हणजे सिलिंडर आतून कापायचं, एक जुनं मशीन, एक टेबल, एक स्टूल. त्याचं नाव मला पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हतं. सगळे मिस्त्रीच म्हणायचे. कानामागे कायम खडूचा तुकडा. घरी जातानाही तो काढायला विसरायचा.

माझं शिक्षण चौथी. पण इंजिन मी ऐकून ओळखतो, हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. आमची मिठागरं होती. ती गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. राहिली ती बाबांची जीप, पत्र्याच्या शेडमध्ये. सत्तरी आली तेव्हा मनाने घेतलं, की तिचं इंजिन आपल्या हाताने जोरदार बनवायचं आणि एकदा चिखलाच्या शर्यतीत उतरायचं. असं इंजिन मी आयुष्यात कधी बांधलं नव्हतं. लोक हसले. म्हणून तर करायचंच होतं.

जोर वाढवायचा तर सिलिंडर मोठा करायचा, म्हणजे ब्लॉकची भिंत आतून कापायची. भिंत जाड असली तरच ती टिकते. त्यामुळे पहिला सवाल एकच, ब्लॉक कुठला घ्यायचा? मिस्त्री मला भंगारवाल्याकडे घेऊन गेला. तिथे दोन तास फिरून त्याने एका ब्लॉकवर हात ठेवला. काळा, तेलाने लिंपलेला, बघवत नव्हता.

"हा घ्या, पाटीलशेट."

"हा? ह्याला तर कुत्रा पण हुंगणार न्हाय."

"तेलात राहिलाय म्हणून गंज नाय. गाडी घाटावरची, गोडं पाणी प्यायलेली. ह्याची भिंत शाबूत हाय."

मी म्हटलं, माझ्या बाबांचा ब्लॉक घरात असताना मी दुसऱ्याचं भंगार का उचलू? बाबांचा ब्लॉक शेडमधून मिस्त्रीच्या गाळ्यात आणला. त्याने टांगला, वाजवला, रॉकेल भरलं, खडू फासला. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेलो तर डाग नव्हता. मी हसलो. मिस्त्री हसला नाही. त्याने विचारलं, "जीपच्या रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालायचात?"

"खाडीचं. दुसरं कुठलं? मिठागरात प्यायला गोडं पाणी डोक्यावरून आणायला लागायचं. जीपला कोण घालणार?"

"कोण घालायचं?"

"मीच."

तो ब्लॉकपाशी गेला. बाहेरून, तीन नंबरच्या सिलिंडरपाशी, खाली, परत परत ठोकून ऐकलं. मग टोकदार पंच ठोकून तिथे एक खोलगट ठिपका मारला. "मीठ आतून भिंत खात आलंय. अजून चीर नाय, पण कापली की राहणार नाय. इथून जाईल. हा नको, पाटीलशेट. माझं मशीन पण आता जायचंय, गाळा पडणार हाय. हा माझा शेवटचा बोअर. तो तरी चांगल्या लोखंडात मारू द्या."

हे त्याने इतक्या हळुवारपणे सांगितलं, की दुसऱ्या कुणीही ऐकलं असतं. माझ्या बाबांच्या लोखंडाला तो वाईट म्हणाला एवढंच मला दिसलं. मी गाळ्यात चार माणसं होती त्यांच्यासमोर म्हणालो, "सरळ सांग ना, हात थरथरतात आता. ब्लॉकला कशाला नावं ठेवतोस?"

मिस्त्रीने कानामागचा खडू काढून टेबलावर ठेवला. "परवा घेऊन जा," म्हणाला. पहिल्यांदाच त्याने मला अरेतुरे केलं.

बोअर त्यानेच मारला. मी घरी आणून ब्लॉकला लाल रंग दिला, ठिपक्यावरूनही. तीन महिने बांधत होतो. इंजिन चालू झालं तेव्हा आमच्या शेडचे पत्रे वाजले, शेजारच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. अर्धा तास मी राजा होतो. मग मागून पांढरा धूर. ऑइल मापायची पट्टी काढली तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं. पाणी आत आलं होतं. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडलं. तीन नंबर. भिंत खाली फुटली होती.

लोकांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "मिस्त्रीचा हात हालला. बोअर वाकडा गेला." हे मी नवघरपासून मोरव्यापर्यंत सगळ्या गॅरेजांत सांगितलं. बायको म्हणाली, "त्याचा हात हालला न्हाय. तुमचा डोका हाललाय." मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही.

मिस्त्रीच्या कानावर ते गेलं. तो भांडायला आला नाही. गाळा पडला, मशीन टेंपोत चढलं, तो गावी गेला. मी घराच्या खिडकीतून टेंपो बघितला. खाली उतरलो नाही.

वर्षं लोटली. मागच्या वर्षी कुणी तरी तो ब्लॉक भंगारात मागितला. देण्याआधी, का कोण जाणे, दुसऱ्या बोअरवाल्याकडे मापून घेतला. त्याने चारही सिलिंडरमध्ये गेज फिरवलं आणि म्हणाला, "काका, असा सरळ बोअर आता कोण मारत नाय. कुणाचं काम?" मी म्हटलं, होता एक. ब्लॉक परत घरी आणला.

गॅरेजांत जाऊन खरं सांगितलं. निम्मी गॅरेजं उरली नाहीत. उरलेल्यांत नवे मालक. "कौन मिस्त्री, चाचा?" ज्यांच्या मनात मी खोटं घातलं, ते कुठे गेले ते मला माहीत नाही.

मग नंबर मिळवून मिस्त्रीच्या गावी फोन केला. सुनेने घेतला. म्हणाली, बाबांना ऐकू येत नाही आता, मी त्यांना लिहून दाखवते. मी सांगितलं, "लिहा, बोअर सरळ होता. चूक पाटलाची. चारचौघांत खोटं पाटील बोलला." ती गेली, आली. "बाबा म्हणतात, उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी फोन केला. सून म्हणाली, "त्यांना कालचं काही आठवत नाही, काका. कोण पाटील, विचारतात." मी म्हटलं, परत लिहा. तिने लिहिलं. वाचून तो म्हणाला, उद्या सांगतो.

आता मी रोज फोन करतो. सून बिचारी कंटाळत नाही. रोज लिहिते, रोज तो वाचतो, रोज तेच उत्तर. फोन ठेवला की मी शेडमध्ये जातो. लाल रंगाखाली तो ठिपका दिसत नाही. बोटाला लागतो.