गाळाच्या टाकीची चावी

शिळफाट्यापलीकडं एक कागदाची गिरणी आहे. तिच्या सांडपाण्यातला गाळ पिळून कोरडा करायचा, हे दामू गायकवाडचं बावीस वर्षांचं काम. गाळात पॉलिमर नावाचं औषध घातलं की गुठळ्या होतात, पाणी सुटतं आणि यंत्राच्या पट्ट्यांमधून कोरडी पोळी पडते. औषध दामूच ठरवायचा. लाल पट्टीची गोणी सोडून दुसरीला त्यानं कधी हात लावला नाही, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

त्या मंगळवारी पोळी पडेचना. गाळ पट्ट्यांच्या कडेनं सांडू लागला. दामूनं औषध वाढवलं, तसा तो आणखीच बुळबुळीत झाला. दोन वाजता गाळाची टाकी भरायला वीतभर उरली. गिरणी थांबवायला साहेब तयार नव्हते. फोनवर एवढंच म्हणाले, "दामू, व्हॉल्व्ह उघड."

चावी दामूच्या कमरेला होती. व्हॉल्व्ह उघडला की गाळ नाल्यात, आणि नाला थेट त्याच्या गावात. चार वर्षांपूर्वी त्यानं एकदा उघडला होता. दुसऱ्या दिवशी बायकोनं, सुंदरानं, विहिरीचं काळं पाणी अंगणात ओतलं आणि विचारलं, "कुनी केलं असंल वो ह्ये?" दामू गप्प राहिला. ते गप्प राहणं त्याला अजून सलत होतं.

"दामूकाका, जिवाणूंनी सांडपाणी साफ करणाऱ्या नव्या टाकीचा गाळ यात मिसळतोय," नवी केमिस्ट समीक्षा म्हणाली. "गाळ बदलला, औषधही बदलायला हवं." आठवडाभर ती हेच सांगत होती, आणि गाळ आपल्याला हातानं कळतो म्हणून दामू तिला उडवून लावत होता.

आज त्यानं मुकाट्यानं ग्लास मांडले. तिनं चार गोण्यांची औषधं पाण्यात कालवून ठेवली होती. ग्लासात गाळ, वर थोडं औषध, मग या ग्लासातून त्या ग्लासात दहा वेळा ओतायचं. पहिल्या दोन औषधांनी काहीच झालं नाही. तिसऱ्यानं गुठळ्या धरल्या, पण ओतताच फुटल्या. टाकी चार बोटांवर आली. फोन पुन्हा वाजला. दामूनं तो उचलला नाही, पण हात कमरेला गेला. समीक्षानं ते पाहिलं.

चौथ्याच्या गुठळ्या फुटल्या नाहीत. दामूनं त्या जुन्या धोतराच्या फडक्यात घेतल्या आणि चक्क्यासारख्या पिळल्या. नितळ पाणी गळलं, आणि फडकं उलटं करताच गाळाची वडी सुटून हातात आली.

"निळी गोनी," तो म्हणाला.

घाईनं ओतलं तर औषधाचे गोळे होतात, म्हणून तो भुकटी पाण्यात चिमटीचिमटीनं सोडत राहिला. ती मुरायला पाऊण तास गेला. साडेचारला पहिली पोळी पडली, तेव्हा टाकीला दोन बोटं उरली होती.

दामूनं चावी समीक्षापुढं ठेवली. "तुमच्याकडं ठेवा, मॅडम. मागं एकदा मीच उघडलाय. आज बी हात गेला होता."

तिनं चावी उचलून खिशात टाकली.

"सुंदराला सांगायचं बाकी हाय," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.