अगदी थोडे

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती आणि आई खिडकीतून आमसुलांची आणखी एक पिशवी आत ढकलत होती. "अहो, विमानात वजन करतात," हे काकुळतीला येऊन सांगत होते. हे म्हणजे माझे यजमान. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात यांना नोकरी मिळाली होती आणि लग्नाचं वर्ष सरायच्या आत आम्ही निघालो होतो. आई ऐकते कसली? "एवढंसं तर हाय. मोप कुठे हाय?" पुष्कळला आमच्याकडे मोप म्हणतात, आणि दुसऱ्याला देताना आईच्या मते मोप असं कधी काही झालेलंच नसे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. हेही त्यांचेच विद्यार्थी. निरोपाला बोलण्यासारखं काही सुचेना, तेव्हा अण्णांनी खिडकीशी उभं राहून जावई आणि मुलगी दोघांची तोंडी परीक्षाच घेतली.

"फ्यू म्हणजे?"

"जवळजवळ नाहीच," आम्ही म्हणालो.

"अ फ्यू?"

"थोडे."

गाडी हलली तसे अण्णा दोन पावलं बरोबर चालले. "द फ्यू?" आम्ही दोघांनी खिडकीबाहेर डोकं काढून ओरडून सांगितलं, "जे काही थोडे असतील ते सगळे!" कंडक्टर हसला. मीही हसत होते, आणि संगमेश्वर येईपर्यंत रडत होते.

ही ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. तिथे गेल्यावर कळलं की इंग्रजांकडे पुष्कळसाठी शब्दच पुष्कळ. अण्णांनी मेनी, मच आणि अ लॉट ऑफ शिकवून आमची बोळवण केली होती. शेजारच्या डोरीनकडे बटाटे लोड्स असत, वेळ हीप्स असे आणि नातवावरचं प्रेम टन्स. एकदा ती आमच्याकडे जेवायला आली. मी भात वाढायला गेले तर ताटावर हात धरून म्हणाली, "प्लेंटी, प्लेंटी!" प्लेंटी म्हणजे भरपूर, म्हणून मी हात बाजूला करून आणखी दोन डाव वाढले. बिचारीने मुकाट्याने खाल्लं. आईसुद्धा "मोप झालं" म्हणत असाच हात आडवा करायची, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. त्या भातावरून आम्ही कितीतरी दिवस हसत होतो.

मग यांना खोकला लागला. तिथल्या थंडीत कोण खोकत नाही? पण तो जाईना, वजन उतरायला लागलं, तेव्हा हॉस्पिटलात फोटो काढले. डॉक्टर फार सभ्य माणूस. आपल्याकडचा असता तर टेबलावर हात आपटून बोलला असता. हा काचेवर फिल्म लावून हलक्या आवाजात म्हणाला की दोन्ही फुप्फुसांवर डाग आहेत, क्वाइट अ फ्यू. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. क्वाइट म्हणजे अगदी, अ फ्यू म्हणजे थोडे. अगदी थोडे! आम्ही दोघांनी मनातल्या मनात एकच उत्तर काढलं होतं, आणि अण्णांच्या वर्गात त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

पुढे डॉक्टरने विचारलं, "घरी कोणाला भेटून यावंसं वाटतं का? हवं तर आत्ताच जाऊन या." आम्हाला वाटलं, काय प्रेमळ माणूस आहे, मुद्दाम चौकशी करतो. हे म्हणाले, "नको, आधी बरा होतो." बसस्टॉपवर यांनी माझा हात धरला, कधी नव्हे तो भर रस्त्यात. "पुढच्या फाल्गुनात जाऊ," म्हणाले, "ओल्या काजूची उसळ खायला. अण्णांना म्हणावं, जावई पास झाला." घरी कळवलं, काळजी नको, अगदी थोडे आहेत. आईने ग्रामदेवतेला नारळ दिला.

फाल्गुन यांनी बघितला नाही. शेवटी शेवटी भ्रमात मला म्हणायचे, "काजू फोडताना हाताला तेल लाव हां, चीक लागेल." मी हो म्हणायचे. खिडकीबाहेर बर्फ असायचं.

अंत्यविधीला दालन भरून गेलं होतं. कारखान्यातली माणसं, गल्लीतली माणसं, मागे भिंतीला टेकून उभी राहिलेली माणसं. डोरीनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीने म्हणाली, "बघ, क्वाइट अ फ्यू आलेत." मी वळून त्या गर्दीकडे बघितलं. अगदी थोडे? मी तिला विचारलं, म्हणजे किती? ती गोंधळली. "म्हणजे बरेच की गं. पुष्कळ." मी तिथेच खाली बसले. लोकांना वाटलं, आत्ता हिला दुःख कळलं.

यांना मी घरी आणलं ते तांब्याच्या कलशातून. आरे-वाऱ्याच्या समुद्रात अस्थी सोडून परत आलो आणि अण्णा ओटीवर बसून म्हणाले, "डॉक्टर पहिल्यांदा काय म्हणाला होता गो? नेमके शब्द सांग." मागे काजूला बोंडं धरली होती, सगळीकडे तो वास होता. अण्णांनी जन्मात एक इंग्रज बोलताना ऐकला नव्हता. पुस्तकात होतं तेवढं त्यांनी आम्हाला दिलं. "शब्द आठवत नाहीत, अण्णा," मी म्हणाले. अण्णा वारले तोवर मी त्यांना सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे, गावी राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या परदेशी गेलेल्यांसाठी.

मी कॉव्हेंट्रीलाच राहिले. यांच्याशिवाय परतून कुठल्या तोंडाने संसार मांडायचा होता? आता आईही नाही. भाऊ मुंबईला, घराला कुलूप. फाल्गुनात काजू येतात आणि माकडं खातात. घर म्हटलं की मला तो हलणारा एसटीचा डबा आठवतो, खिडकीतून ओरडणारी आम्ही दोघं आणि बाहेर अण्णा. त्यातली मी तेवढी उरले आहे.

म्हातारी डोरीन अजून विचारते, तिकडे घरी तुझं कोणी आहे का?

"फ्यू," मी म्हणते.

ती मायेने माझं इंग्रजी सुधारते, "अ फ्यू."

मी मान हलवते. पण माझं चुकलेलं नसतं. फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीच.