शेजारणीच्या ब्लाउजचे हुक

अगं शालू, अशी जवळ सरकून बस. मावशी रागावणार आहे, ऐकून घे. काल तुझ्या शिवणवर्गात आले, तेव्हा आमच्या पाड्यावरची जनी दिसली. तिचा ब्लाउज सगळ्यांच्या आधी शिवून झाला, आणि ती मुकाट्यानं शेजारणीच्या ब्लाउजला हुक लावायला बसली. तू मला म्हणालीस, "मावशी, हिला पुढं जायची जिद्दच नाही. पुढच्या वर्गाच्या यादीतून नाव काढलंय मी."

जिद्द नाही? अगं, आमच्याकडची भातलावणी बघ एकदा. ज्याचं शेत आधी लावून होतं, तो घरी जात नाही. न बोलावता शेजाऱ्याच्या चिखलात उतरतो. एकट्यानंच हातपाय धुऊन घर गाठलं, तर त्यालाच लाज वाटते. त्या रीतीत वाढलेली पोर तुझ्या वर्गात तसंच वागली, आणि तू तिला आळशी ठरवून मोकळी झालीस! अशा किती हुशार पोरींची नावं कुणीकुणी खोडली असतील, या विचारानं जीव जळतो माझा.

ते नाव उद्याच परत लिही. आणि आषाढात ये गं, दोन दिवस राहायलाच ये. जनीच्या शेजारी लावणीला उभी राहा. तू मागं पडलीस, तर तीच येईल तुझ्या ओळीत.