एकतीस नंबरचा पाट

तमाम रत्नागिरीकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, खवळलेल्या ग्राहकाशी शांतपणे कसे बोलावे याचे दोन दिवसांचे रीतसर प्रशिक्षण प्रस्तुत लेखकाने घेतलेले असून त्याचे प्रमाणपत्र घरात फ्रिजवर उभे आहे. कृपया नोंद घ्यावी आणि शक्यतो हसू नये.

मी विम्याच्या कचेरीत असतो. कचेरीनेच पाठवलं होतं. आवाज खाली ठेवा, ग्राहकाचं म्हणणं त्यालाच परत म्हणून दाखवा, ‘नाही’ हा शब्द उच्चारू नका, एवढं शिकून आलो आणि पहिला प्रयोग बायकोवर केला. तिसऱ्या मिनिटाला तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग मी मेहुण्याकडे वळलो.

मेहुण्याची गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. आमच्याकडे ज्याने त्याने आपला घरचा पाट शाळेत नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती बसायचा. आज्यापणज्यापासून तोच पाट. मेहुणा पाटाच्या कडेला खडूने नाव लिहितो. मला ते फारच गावठी वाटलं. मी नंबर छापलेल्या चिकटपट्ट्या आणल्या आणि पाटांच्या खालच्या बाजूला सुबक लावल्या. श्रावणातल्या ओलीने त्यातल्या अकरा गळून पडल्या. मेहुणा माती आणायला गेला होता. मी अकराही परत चिकटवल्या. कुठली कुठे, हे मला ठाऊक आहे असं तेव्हा तरी वाटलं होतं. त्या नंबरांवरून मेहुण्याने मूर्ती बसवल्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून मी दारातल्या टेबलावर रजिस्टर घेऊन बसलो. लांज्याकडच्या एका गावातून एक बाई आली. चिठ्ठी एकतीस नंबरची. एकतीस नंबरचा गणपती, दीड फुटी, लोडाला टेकलेला, मी स्वतः दाखवला. तिने मूर्तीकडे बघितलंच नाही. खाली बसली, पाटाच्या कडेवरून तळवा फिरवला आणि म्हणाली, “हा आमचा नाय.”

मी आवाज खाली आणला. “म्हणजे वहिनी, तुमचं म्हणणं असं की, हा पाट तुमचा नव्हे.”

“तेच म्हटलं मी.”

“म्हणजे तुमचं म्हणणं असं की, तुम्ही तेच म्हटलंत.”

“ओ दादा, ऐकायला कमी येतं काय तुम्हाला?” ती उठून उभी राहिली. “दरवर्षी आमचे हे येतात न्यायला. यंदा त्यांची गाडी संध्याकाळी पोचणार, म्हणून सासूनं मला धाडलं, पहिल्यांदाच. आणि सांगितलंय, मूर्ती कशीपण चालंल, पाट बदलून आणलास तर भावकीची बैठक बसवीन. बाहेर टेंपो उभा हाय. शेजारच्या चार घरांचे गणपती चढले त्यात. माझा पाट दाखवा.”

यावर प्रशिक्षणात काही नव्हतं. मी रजिस्टर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यात सगळं बरोबर होतं, तेच तर भयंकर होतं. बाई माझ्यासाठी थांबली नाही. पहिल्या फळीपासून सुरुवात करून ती एकेका पाटाची कड चाचपत निघाली. फणसाचा पाट, कोपऱ्यात कोयतीची खाच, दरवर्षी तीच घासते म्हणे. नवरीमागे करवली चालावी तसा मी रजिस्टर घेऊन मागोमाग.

शेहेचाळीसपाशी ती थांबली. “हा!”

त्यावर भलाथोरला मोर होता, पिसारा फुलवलेला, आणि मोरावर गणपती. समोर एक गृहस्थ मोबाईलवर फोटो काढत होते. बोटीवर इंजिनियर होते, आता निवृत्त. शेजारी त्यांची बायको.

“हा गणपती माझा आहे,” ते म्हणाले.

“पाट माझा हाय,” बाई म्हणाली.

“म्हणजे तुम्हा दोघांचं म्हणणं...”

“तुम्ही गप बसा!” दोघंही एकदम म्हणाले. तेवढं एकमत मी घडवून आणलं.

मेहुणा रंगाच्या हातांनी धावत आला. मी चिकटपट्ट्यांचं सांगून टाकलं. आवाज तेवढा खाली होता. (उरलेल्या नऊ घरांनी अद्याप काही विचारलेलं नाही. मीही विचारायला गेलेलो नाही.)

“मूर्ती बदलून द्या की,” इंजिनियर म्हणाले.

“कच्ची शाडू आहे,” मेहुणा म्हणाला. “आता पाटावरून हलवली तर सोंड एकीकडे आणि मोर एकीकडे.”

म्हणजे मूर्ती ज्याची त्याचा पाट नव्हे, पाट जिचा तिची मूर्ती नव्हे. मी कुणाची समजूत घालायची आणि कशाबद्दल, हेच मला कळेना. बाहेर टेंपोवाल्याने हॉर्न दिला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अख्ख्या आळीला मोराचं सांगून ठेवलंय मी!” इंजिनियर ओरडले.

त्यांची बायको तोवर एकतिसापाशी जाऊन वाकली होती. “हा आपला पाट. कडेला तुम्ही सांडलेलं वॉर्निश आहे अजून,” ती तिथूनच म्हणाली. “आणि तो पिसारा मखरात मावणार नाही, आठ दिवस सांगतेय. उचला हा आणि चला घरी.”

बोटीची इंजिनं चालवलेल्या माणसाने मोबाईल खिशात टाकला आणि एकतिसाचा पाट दोन्ही हातांनी धरला.

चौघांनी मोर टेंपोत चढवला. बाकीचे चार गणपती सरकून बसले. बाई पिसाऱ्याला हात लावून बसते न बसते तोच तिचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

“पाट आपलाच ना गो?” सासूचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला.

“आपलाच, आई! हात लावून बघितला!”

“आणि मूर्ती?”

बाईने मोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज खाली ठेवा, अशी खूण मी करणार होतो, पण टेंपो सुरू झाला आणि ती इंजिनाच्या वरताण ओरडली, “मूर्ती झ्याक हाय, आई! फक्त यंदा बाप्पा उंदीर घरी ठेवून भावाची गाडी घेऊन आलेत!”