शेवटचा आलेला घोडा

व्हर्जिनियात शेतांतून, कुंपणांवरून उड्या मारत हौशी लोकांच्या घोड्यांच्या शर्यती होतात. मी लोकांचे घोडे त्यासाठी तयार करतो; माझ्या तबेल्यात आता एकच घोडा उरला होता. त्याचा मालक आपलाच, नागपूरचा इंजिनिअर. त्या दिवशी घोडा शेवटचा आला.

"काका, बस झालं. विकून टाकतो."

घोडा गेला की तबेला बंद. पण विनवण्या करणं माझ्या रक्तात नाही. मी घोड्याचा दोर त्याच्या हातात दिला.

"खुशाल विका. आधी घाम सुकेपर्यंत फिरवून आणा. आमच्याकडे हरलेला घोडा मालकच फिरवतो."

"काका, शूज नवे आहेत यार!"

"ते घोड्याला सांगा."

चिखलातून बराच वेळ फिरून तो परत आला. जॅकेटला घोड्याची लाळ लागलेली.

"काका, याला गाजर चालतं का?"

"चालतं. पण दर रविवारी स्वतः आणून भरवायचं."