आधी पाणीमंत्री पिणार

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. खडूच्या भुकटीसारखे ते अंगावर पडत राहतात आणि घरी गेल्यावर कळतं, अरे, किती साचलेत! ज्या वर्षी पडेगावच्या आमच्या शाळेत विहीर आटली, बोअर आटला, त्या वर्षी किस्से मात्र काठोकाठ होते. आता सांगताना लोक हसतात. मीही हसते. तेव्हा मात्र हसू सुचत नव्हतं. मी जन्माची भित्री बाई, आणि माझ्याकडंच शालेय मंत्रिमंडळाचं काम!

*

मंत्रिमंडळ म्हणजे मुलांनी मतं देऊन निवडलेले मंत्री. क्रीडामंत्री व्हायला झुंबड. सहलीला पैसे नव्हते, तरी सहलमंत्री व्हायला तिघं उभे. पाणीमंत्री कोण होणार, म्हटलं, तर सगळा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला!

शेवटी नववीतल्या रेणुकानं हात वर केला. धनगराची पोर. देवगाव रंगारीकडून मेंढरं घेऊन आलेलं तिचं कुटुंब शाळेमागच्या माळावर राहायचं.

"भाषण कर," हेडसर म्हणाले.

"मी निवडून आले तर नळाला कुलूप लावीन," ती म्हणाली आणि खाली बसली.

इतकं छोटं आणि इतकं खरं निघालेलं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकीच्या नळाला कुलूप लागलं.

*

हेडसरांच्या गाडीची काच रोज शिपाई धुवायचा. रेणुका बादलीवर हात ठेवून उभी राहिली.

"सर, काच पुसायला पेपर हाय की."

व्हरांड्यात आम्ही सगळे बघत उभे. हेडसरांना घराबाहेर 'नाही' ऐकायची सवयच नव्हती. ते लाल झाले, गाडीत बसले आणि धुळकट काचेतून काही दिसेना म्हणून खिडकीतून मान बाहेर काढून पार गेटपर्यंत गेले!

मंत्र्यांवर वचक कुणाचा, असा प्रश्न त्यांनी मला स्टाफरूममध्ये विचारला. मी म्हटलं, "सर, लोकशाही आहे."

*

हेच वाक्य माझ्यावर उलटलं.

शाळेशेजारी नवी कॉलनी झाली होती, वाळूजच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या लोकांची. एके दिवशी तिथली लेकरं टँकरचं पाणी पिऊन आजारी पडली. घराघरांत उलट्या, सलाईन. आम्हालाही पाणी टँकरचंच. क्लोरीनचे थेंब आम्ही टाकत होतो, पण ते कॉलनीवालेही टाकतच होते. पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. रिपोर्ट "येईल."

मंत्रिमंडळाची बैठक बसली. मुख्यमंत्री आदित्य, दहावीचा, भाषणात पटाईत. त्यानं समिती नेमू या म्हटलं.

रेणुका म्हणाली, "समिती काय पाणी पिणारंय का? रोज कुणीतरी एकानं आधी प्यायचं. दुसऱ्या तासापर्यंत त्याला काय झालं नाय तर मग शाळेनं प्यायचं."

"एकानं म्हणजे कुणी?" आदित्यनं विचारलं.

"पाणीमंत्री कोण हाय?"

ठराव एकमतानं मंजूर! मी धावत हेडसरांकडं गेले. म्हटलं, हे थांबवा, लेकराच्या जिवाशी खेळ आहे. त्यांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं.

"बाई, लोकशाही आहे."

आम्हा शिक्षकांच्या पाण्याच्या बाटल्या घरून यायच्या, हे सांगायला नकोच.

*

टँकरवाले शकीलभाई मात्र भडकले. सगळ्या वस्त्या त्यांच्या नावानं दुवा मागायच्या, आणि इथं एक एवढीशी पोरगी त्यांच्या पाण्याची परीक्षा घेते!

"अरे, मैं क्या जहर लाताऊं क्या?"

रेणुकानं भरलेला ग्लास त्यांच्यापुढं धरला. "मग तुम्ही प्या ना, चाचा."

शकीलभाईंनी ग्लासाकडं पाहिलं. पाइपाकडं पाहिलं. आभाळाकडंही पाहिलं.

"मेरा पेट पैलेच खराब है!"

पोरं हसून लोळली. मी मात्र त्या ग्लासाकडंच बघत राहिले. पाणी आणणाराच ते प्यायला तयार नव्हता.

*

नववीवर दुसरा तास माझा. मी इतिहास शिकवायची, पण डोळे रेणुकावर. एका तासात तीन-चारदा विचारायची, "पोटात दुखतंय का गं?"

एकदा तिनं बाकावर डोकं टेकलं. मी अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातले सर डस्टर घेऊन धावत आले! हेडसर गाडीची चावी शोधायला लागले. मी तिला गदागदा हलवलं.

रेणुकानं डोळे चोळले. पहाटेपासून मेंढरांमागं हिंडून आली होती बिचारी.

"बाई, झोपले होते. मेले नव्हते."

वर्गाला हसू आवरेना. मी खुर्चीत बसले ती तास संपेपर्यंत उठलेच नाही.

*

आणि मग एक दिवस दुसऱ्या तासाला रेणुकाची जागा रिकामी.

मी बाहेर धावले. मुलींच्या मुतारीमागं ती भिंतीला धरून ओकत होती. चेहरा पांढराफटक. मला बघून तिनं तोंड पुसलं.

"बाई, पाणी सांडा. कुणाला पिऊ देऊ नका."

त्या पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता. आम्ही टाकी रिकामी केली. हेडसरांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता आणि तो बर्फासारखा गार होता. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं सांगत नाही.

पोरगी वाचली. पण दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि प्रश्न आला, आज आधी कोण पिणार? सगळ्यांनी मुख्यमंत्र्याकडं पाहिलं. आदित्यनं खिशातून कागद काढला. राजीनामा! कारण : वैयक्तिक. मधल्या सुट्टीपर्यंत क्रीडामंत्री गेले, सहलमंत्री गेले, अख्खं सरकार पडलं. हेडसरांनी त्या दिवसापुरती शाळेला सुट्टी दिली.

*

रेणुका शाळेत आली ती वडिलांसोबत. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. मला वाटलं, हा माणूस आता पोरीचा दाखला मागणार, आणि मागितला तर आम्ही कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

स्टाफरूममध्ये हेडसरांसकट सगळे बसलेले. बाहेर टँकर येऊन उभा. रेणुका भरलेला ग्लास घेऊन दाराशी. तिच्या वडिलांचा आवाज एकदम हळू होता. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मास्तर, आम्ही मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडतो. नव्या पाण्यावर आधी म्हातारी मेंढी सोडतो. कोकरू नाय सोडत."

त्यांनी एकेकाचं तोंड पाहिलं.

"पोरीला शिकवायचीच हाय मला. फकस्त एवढं सांगा, तुमच्यात म्हातारं कोण हाय?"

हेडसरांनी काळ्याभोर कलप लावलेल्या केसांवरून हात फिरवला. बाकी सगळे तरुण; मग ते माझ्याकडं वळले.

"बाई, तुमची जन्मतारीख काय हो?"

मी सांगितली. हेडसर माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी लहान निघाले. एवढा खूश झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

रेणुकानं ग्लासाची कड ओढणीनं पुसली आणि तो माझ्या हातात दिला. मी तो तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली आणला. ती माझ्या कानाशी आली.

"बाई, डोळं मिटून प्या," ती म्हणाली. "मी रोज तसंच प्यायचे."