मोठी लाईन आली त्या दिवशी

औरंगाबादहून जालन्याला मी सतरा वर्षं रेल्वेनं अप-डाउन केलं. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण रिक्षावाल्याला आम्ही अजून नुसतं ‘स्टेशन’ म्हणतो. एवढी वर्षं माझ्या शेजारी एकच मैत्रीण बसायची. मी जालन्यातल्या मराठी शाळेत शिकवायची, ती उर्दू शाळेत.

स्टेशनचा इतिहास लिहायचं वेड मात्र माझं एकटीचं. गाडी लेट असली की मी जुन्या हमालांना गाठायची आणि वहीत उतरवून घ्यायची. निजामाच्या काळातली अरुंद रुळांची छोटी लाईन, मुंबईला जायचं तर मनमाडला सामानसुमान घेऊन गाडी बदलायची, ट्रंकांवर झोपलेली वऱ्हाडं. मी हे लिहीत असताना मैत्रीण बाकावर खुशाल डुलक्या काढायची.

आणि अप-डाउनवाल्यांनी गुलमंडीजवळच्या वाचनालयात स्टेशनच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा बोलायला बोलावलं कुणाला? तिला! का, तर तिचे आजोबा, ती त्यांना ‘दादा’ म्हणायची, निजामाच्या रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर वळवायची त्याचा खटका ते हातानं ओढायचे. माझ्या आजोबांनी जन्मात रेल्वेत पाय ठेवला नाही, त्याला मी काय करू? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडानं मात्र म्हटलं, "अरे वा!"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिनं गाडीतच भाषणाचे कागद माझ्या हातात दिले. "देख ना गं जरा. तुला सगळं माहितंय. काही चुकलं असंल तर सांग."

चुकलं होतं. रुंद रुळांची मोठी लाईन झाली आणि पहिली गाडी आली, त्या दिवशी आजोबा ड्युटीवर होते, असं तिनं लिहिलं होतं. माझ्या वहीत वेगळं होतं. एका म्हाताऱ्या हमालानं मला सांगितलं होतं, "तवा ते कवाच रिटायर झालते, बाई. पण सकाळीच आले, जुना डगला इस्त्री करून. एक नंबरवर हात जोडून हुबे. गाडी गेली तरी हालंनात."

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या पुस्तकासाठी राखून ठेवलं होतं. पुस्तक कसलं, ती एक वहीच. तरीही मी कागद परत दिले आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी वाचनालय भरलं होतं. ती झकास बोलली, लोक हसले, टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत बसून जळत होते. मग रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका उठले आणि सौम्यपणे म्हणाले, "तुमचे आजोबा त्या दिवशी नोकरीत नव्हते, ताई. मी होतो." ती कागदाकडे बघत राहिली. मग माफी मागून खाली बसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं दोन-चार मिनिटं बरं वाटलं.

परतताना रिक्षात ती रडायला लागली. चूक निघाली म्हणून नाही. "अब्बा तर राहिले नाहीत. आता दादा त्या दिवशी कुठं होते, हे कुणाला विचारू गं?" म्हणाली. मी पर्स मांडीवर ओढून घेतली. तिनं डोळे पुसले आणि माझा हात धरला. "तुला ठाऊक असतं तर तू सांगितलंच असतंस."

वही माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. मला तिची कीव आली, माझी लाज वाटली, सगळं झालं. पण त्या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्यांदा, मनात आलं ते हे की तिचे आजोबा त्या दिवशी कुठं उभे होते, ते माझ्याकडे आहे. तिच्याकडे नाही.